संदर्भ कुठला, ते सांगा
शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, असे कोल्हापूरचा विद्यार्थी प्रबंधात सहज लिहून जातो. पण वाचले कुठे? त्या आदेशाचे मूळ करवीर गॅझेट पाहिले असेल तर त्याचा दाखला द्यावा. चरित्रात वाचले असेल तर चरित्राचा, पान क्रमांकासकट. न पाहिलेल्या गॅझेटचे नाव टाकणे ही सरळ लबाडीच. संदर्भ देण्याच्या पद्धतीचे म्हणाल, तर साहित्यवाले बहुधा एमएलए वापरतात, समाजशास्त्रवाले एपीए. एपीएत लेखकामागोमाग साल येते, एमएलएत शेवटाकडे. इतिहासाला तळटीपाच सोयीच्या. जुन्या कागदपत्रांच्या दप्तर-रुमालांचे लांबलचक तपशील कंसात मावत नाहीत. कुठली पद्धत चालेल, ते टंकनाआधीच मार्गदर्शकांना विचारून घ्या.