गोधडीची ऊब कोठून येते?

थंडीच्या दिवसांत वर्गात एक प्रश्न विचारून पाहा : "गोधडी गरम असते की आपण?" निम्म्याहून अधिक मुले "गोधडी" असे उत्तर देतील. मग एक तापमापी गोधडीच्या घडीत अर्धा तास गुंडाळून ठेवा आणि दुसरा शेजारी टेबलावर ठेवा. दोन्ही तापमापी सारखेच तापमान दाखवतील. पुढच्या तासाला बर्फाचे दोन सारखे खडे दोन बशांत घ्या आणि त्यांतला एक गोधडीच्या तुकड्यात गुंडाळा. उघडा खडा आधी वितळेल, गुंडाळलेला बराच वेळ टिकेल. जी गोधडी आपल्याला ऊब देते, तीच बर्फाला थंड ठेवते. म्हणजे ती उष्णता तयार करत नाही. ती उष्णतेची वाट अडवते, मग ती वाट आतून बाहेर जाणारी असो वा बाहेरून आत येणारी.

झोपलेला प्रौढ माणूस साधारण ७० वॅट इतकी उष्णता बाहेर टाकत असतो. घरोघरी पूर्वी असणाऱ्या पिवळ्या दिव्याएवढीच ही शक्ती. गोधडी या दिव्याची उष्णता पटकन निसटू देत नाही, एवढेच. पण हे 'एवढेच' साधते कसे, हे मला पुस्तकापेक्षा नालासोपाऱ्यातल्या आमच्या शेजारच्या मावशींकडून अधिक नीट समजले. माझे संशोधनाचे काम बहुवारिकांवरचे, म्हणजे प्लॅस्टिक, कृत्रिम धागे यांसारख्या पदार्थांवरचे आहे. मावशी गेली अनेक वर्षे दुपारच्या वेळी गोधड्या आणि बाळांची दुपटी शिवतात. त्यांना शहाणपण शिकवायला मी गेले आणि माझीच फजिती झाली. ती हकिकत पुढे येईलच.

थर, टाके आणि हवा

आधी गोधडी कशी होते ते पाहू. नऊवारी साडी ९ वार, म्हणजे सुमारे ८.२ मीटर लांब असते. पन्हा साधारण १.१५ मीटर धरू. तिच्या २ मीटर लांबीच्या चार घड्या घातल्या की एका साडीतून चार थर मिळतात. दोन साड्यांचे आठ थर झाले. मावशी हे थर फरशीवर अंथरतात, मधून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या काढतात, लांब लांब कच्चे टाके घालून थर जागच्या जागी धरतात आणि मग कडेपासून धावदोरा सुरू करतात. चारही बाजूंनी फिरत फिरत, चौकोनात चौकोन काढत त्या मध्यावर येतात. कोणी सरळ उभ्या ओळीही घालतात. देशावर हिलाच वाकळ म्हणतात. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी आणि कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कौदी ही याच घराण्यातली भावंडे.

धावदोरा ओढला की दोन ओळींमधले कापड किंचित फुगते. गोधडीवरून हात फिरवला तर या बारीक बारीक वरंब्या बोटांना लागतात. या वरंब्यांत, थरांच्या मध्ये आणि सुताच्या तंतूंच्या मध्ये हवा अडकून राहते. ऊब टिकते ती या हवेमुळे. उष्णता वाहून नेण्याच्या कामी स्थिर हवा फार आळशी आहे. तिची उष्णतावाहकता ०.०२६ (वॅट प्रति मीटर प्रति केल्विन), तर पाण्याची सुमारे ०.६, म्हणजे जवळजवळ २३ पट. मात्र हवा स्थिर हवी. मोकळी हवा तापली की वर जाते, तिच्या जागी गार हवा येते आणि उष्णता निघून जाते. गोधडी हवेला लहान लहान कप्प्यांत कोंडते, म्हणून तिला फिरता येत नाही.

आता टाक्यांच्या ओळी किती अंतरावर घालायच्या? फार जवळ घातल्या तर थर एकमेकांवर दाबले जातात, हवा कमी होते आणि गोधडी पुठ्ठ्यासारखी कडक होते. फार लांब घातल्या तर धुताना आतले थर सरकतात, एका कोपऱ्यात गोळा होतात आणि मधे पोकळी राहते. मावशींचे माप 'दोन बोटे' आहे. मी पट्टी लावली, तेव्हा ते ३ सेंटीमीटर भरले.

हीच गोधडी अंगाखाली घातली तर कमी ऊब देते. आपल्या वजनाने हवा दाबून बाहेर जाते आणि फरशी उष्णता ओढून घेते. म्हणून अंथरायच्या गोधडीला जास्त थर आणि पांघरायच्या गोधडीला कमी थर, हा हिशेब बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत.

वर्गात करून पाहण्यासारखा प्रयोग

एकाच मापाचे चार स्टीलचे पेले घ्या. एक पेला उघडा ठेवा. दुसऱ्याभोवती जुन्या सुती साडीच्या पट्टीचे आठ वेढे सैलसर गुंडाळा. तिसऱ्याभोवती तेवढेच वेढे घेऊन दोऱ्याने करकचून आवळा. चौथ्याची पट्टी भिजवून, पिळून गुंडाळा. चारही पेल्यांत सुमारे ७० अंश सेल्सिअसचे २०० मिलिलिटर पाणी ओता आणि पुठ्ठ्याची झाकणे ठेवा. गरम पाणी शिक्षकांनीच ओतावे. अर्धा तास दर ५ मिनिटांनी तापमान घेऊन आलेख काढा.

सैल गुंडाळलेला पेला सर्वांत हळू निवेल, आवळलेला त्याहून लवकर, उघडा त्याहूनही लवकर. ओला पेला बहुतेक वेळा उघड्यालाही मागे टाकतो. येथे दोन कारणे एकत्र येतात. हवेची जागा पाण्याने घेतलेली असते, शिवाय ते पाणी बाष्प होऊन उडताना उष्णता घेऊन जाते. १ ग्रॅम पाणी उडायला सुमारे २,४०० ज्यूल लागतात. पेल्यातले २०० ग्रॅम पाणी १ अंशाने निवते तेव्हा सुमारे ८४० ज्यूल बाहेर पडतात. म्हणजे पट्टीतून उडणाऱ्या एका ग्रॅमने सगळी उष्णता पेल्यातूनच घेतली, तर पेला जवळजवळ ३ अंशांनी उतरेल. बाळाचे दुपटे ओले झाले की ते लगेच का रडते, हे मुलांना येथे सांगता येईल.

माझी फजिती

काही वर्षांपूर्वी मावशींची मोठी अडचण झाली. सुती साड्या मिळेनाशा झाल्या. नऊवारी नेसणारी पिढी सरत चालली आणि घरोघरच्या कपाटांतून निघणाऱ्या जुन्या साड्या बहुतेक पॉलिएस्टरच्या. "आता गोधडी शिवायची कशाची?" असे त्यांनी विचारल्यावर मी ऐटीत म्हणाले, "मावशी, ऊब कापसाची नसते, हवेची असते. आत कोणतेही कापड घाला." माझ्याच चार साड्या मी त्यांना आणून दिल्या. त्यांनी मान डोलावली आणि त्यांच्या नातवासाठी एक गोधडी तयार केली.

महिन्याभरात त्यांनी मला बोलावून घेतले. "ये गं बाई, तुझी हवा बघ कुठं गेली ती." दोन-तीन धुण्यांत आतले थर सरकून गोळा झाले होते. शिवाय मुलाला रात्री घाम येई आणि तो पांघरूण लाथाडी.

माझे तत्त्व खोटे नव्हते, पण अपुरे होते. सुती धाग्याला बारीक लव असते. सुताचे आखूड तंतू पिळून धागा केलेला असतो, त्यांची टोके बाहेर डोकावतात आणि शेजारच्या थराला धरून ठेवतात. माझ्या साड्यांचा धागा अखंड, गुळगुळीत तंतूंचा होता. त्यामुळे दोन थरांमध्ये घर्षण फार कमी. दुसरी गोष्ट पाण्याची. सामान्य दमट हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के बाष्प शोषून घेते, पॉलिएस्टर अर्धा टक्काही घेत नाही. रात्रभर त्वचेतून निघणारे बाष्प सूत सामावून घेते. पॉलिएस्टरखाली ते अंगावरच साचते आणि चिकचिक होते. नालासोपाऱ्यासारख्या खाडीकाठच्या गावात हा फरक लगेच जाणवतो.

जुनीच साडी का, याचेही उत्तर रसायनशास्त्रात आहे. नव्या कापडाला खळ असते. सूत म्हणजे सेल्युलोजच्या लांबलचक साखळ्या. धुणे, ऊन आणि सोडा यांनी खळ निघून जाते, साखळ्या तुटून आखूड होतात. कापड दुबळे होते, पण मऊही होते. हे दुबळेपण गोधडीत झाकले जाते, कारण ताण आठ थरांत आणि शेकडो टाक्यांत वाटला जातो. एक थर विरला तरी बाकीचे सांभाळून घेतात.

सुताची दुसरी बाजूही सांगायला हवी. ते वाळायला फार वेळ घेते. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढून लोकलगाड्या बंद पडल्या, तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरले. भिजलेली सुती गोधडी एकट्याने उचलवत नाही. दमट हवेत ती दिवसेंदिवस वाळत नाही, मग कुबट वास आणि बुरशी. पॉलिएस्टर येथे बाजी मारते. शिवाय आगीजवळ दोघांचेही धोके वेगळे. सूत भडकन पेटते, तर पॉलिएस्टर सुमारे २६० अंशांना वितळून कातडीला चिकटते.

मावशींनी वाट काढली. अंगाकडचा थर आणि आतले थर सुती : जुन्या चादरी, धोतरे, पंचे. वरचा एकच थर पॉलिएस्टर साडीचा, रंगासाठी आणि लवकर पुसता यावा म्हणून. तो सरकू नये यासाठी टाक्यांच्या ओळी दोन बोटांऐवजी दीड बोटावर. दुपट्यांत मात्र सगळे सूतच. आणि एक सूचना माझ्याकडून : एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या तोंडाजवळ झोपेत सैल पांघरूण ठेवू नये, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. दुपटे अंथरायला चांगले.

धाग्याचा पीळ

शिवता शिवता दोऱ्याला गुंता पडू लागला की मावशी सुई हातातून सोडून देतात. ती दोऱ्याला लोंबकळत गरगर फिरते आणि जास्तीचा पीळ उतरतो. धाग्याला पिळाची दिशा असते. धागा उभा धरून भिंगातून पाहा. तंतू वरच्या उजव्या बाजूकडून खालच्या डाव्या बाजूकडे उतरत असतील तर तो इंग्रजी 'झेड' अक्षराचा पीळ. उलट असतील तर 'एस'चा.

या छोट्या गोष्टीचा आमच्या गावाशीही संबंध लागतो. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील बुरुड राजाच्या कोटात उत्खनन करून बौद्ध स्तूप उजेडात आणला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पश्चिम किनाऱ्यावरच्या बाजारपेठांत 'सुप्पारा' हे नाव येते. त्या काळी भारतातून तांबड्या समुद्राकडे सुती कापड जात असे. इजिप्तमधील बेरेनिके बंदराच्या उत्खननात, जे १९९४ पासून सुरू झाले, सुती कापडाचे तुकडे सापडले. त्यांतले बरेचसे भारतातलेच, हे ओळखायला पिळाची दिशा उपयोगी पडली. इजिप्तमध्ये सूत 'एस' पिळाचे कातत, भारतीय सूत 'झेड' पिळाचे. ते तुकडे सोपाऱ्याहूनच गेले असे म्हणता येणार नाही. पण चिंधीसुद्धा आपला पत्ता सांगते, हे मुलांना नक्की आवडेल.

टाक्यांचा हिशेब

शेवटी एक गणित. एका गिऱ्हाईक बाईंनी मावशींना विचारले, "साड्या तर माझ्याच जुन्या, मग एवढे पैसे कसले?" मावशींना उत्तर सुचले नाही. ते आपण काढू.

गोधडी २ मीटर × १.१५ मीटर, क्षेत्रफळ २.३ चौरस मीटर. ओळींत अंतर ३ सेंटीमीटर, म्हणजे ०.०३ मीटर. टाक्याची ओळ चौकोनात फिरो की सरळ जावो, तिचा प्रत्येक मीटर ३ सेंटीमीटर रुंदीची पट्टी सांभाळतो. म्हणून ओळीची एकूण लांबी = क्षेत्रफळ ÷ अंतर = २.३ ÷ ०.०३ = सुमारे ७७ मीटर. दर सेंटीमीटरला एक टाका धरला तर ७,७०० टाके. दोरा ओवणे, गाठ मारणे धरून मिनिटाला सरासरी १० टाके पडले, तर ७७० मिनिटे, म्हणजे जवळजवळ १३ तास. दीड बोटाच्या गोधडीला याहून तिसऱ्या हिश्श्याने जास्त.

हा कागद मी मावशींना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "दुहेरी दोऱ्याची दोन रिळं लागतात, एवढंच मला ठाऊक. टाके कोण मोजतंय?" ७७ मीटरला थर ओलांडण्यासाठी थोडी भर घालून दुप्पट केले तर १७० मीटर होतात. शंभर मीटरची दोन रिळे. त्यांचा अंदाज बरोबर होता.

तो कागद त्यांनी घडी घालून सुयांच्या डब्यात ठेवला आहे. कोणी घासाघीस करू लागले की तो बाहेर काढतात.

तुमच्या वर्गातल्या मुलांना घरची एखादी गोधडी मोजायला सांगा. लांबी, रुंदी, थर, ओळींतले अंतर, सेंटीमीटरला टाके. मग ती कोणी शिवली, कापड कोणाचे होते, हेही विचारून यायला सांगा. वहीत गणित येईल, भौतिकशास्त्र येईल आणि आजवर कोणी न मोजलेले कोणाचे तरी तासही येतील.