विश्लेषण : पडकी गढी आणि द्राक्षबाग एकत्र विकत घेताना काय तपासाल?

फ्रान्समध्ये द्राक्षमळ्यासह जुने किल्लेवजा वाडे विकले जातात. आपल्याकडे त्याला जवळचा व्यवहार म्हणजे पाटील-देशमुखांची गढी आणि तिच्याभोवतीची बागायत. देवळाली प्रवरा (ता. राहुरी) किंवा परिसरात असा व्यवहार करायचा झाल्यास वाडा, जमीन आणि बाग या तिन्हींची तपासणी वेगवेगळी करावी लागते.

जमीन कोणाला घेता येते?

कूळ कायदा १९४८च्या कलम ६३नुसार बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मात्र विकास आराखड्यात बिगरशेती वापरासाठी दाखवलेल्या जमिनीला ही अट लागत नाही. देवळाली प्रवरा नगरपरिषदेचे गाव असल्याने गट कोणत्या झोनमध्ये येतो, हे आधी पाहावे. वतनाची जमीन असेल, तर सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ अशी नोंद असू शकते. अशा जमिनीच्या विक्रीला वेगळी परवानगी लागते.

गढीची मालकी कशी ठरते?

गावठाणातील गढीला सातबारा नसतो. नगर भूमापन झाले असल्यास मिळकत पत्रिका पाहावी. पिढ्यान्‌पिढ्या वाटणी न झालेल्या वाड्याला वारस अनेक असतात. २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींनाही मुलांइतकाच हक्क मिळाला. सासरी गेलेल्या एका बहिणीची सही राहिली, तरी व्यवहार कोर्टात अडकू शकतो.

डागडुजीत चूक कुठे होते?

गढीचा पाया दगडी आणि वरच्या भिंती बहुधा पांढऱ्या मातीच्या असतात. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि भिंत फुगते. इथे चुन्याचेच काम हवे. वास्तू संरक्षित स्मारक असेल, तर पुरातत्त्व विभागाची परवानगी आवश्यक असते. सासवडजवळ पिलाजी जाधवरावांच्या १७१०च्या गढीचे हॉटेल झाले. नियमित उत्पन्न नसेल, तर अशी वास्तू सांभाळणे कठीण असते.

बागेचे काय?

वाडा वर्षभर थांबेल, बाग थांबत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत घडनिर्मिती होते आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तेच घड बाहेर येतात. खरेदीखताच्या गडबडीत एप्रिलची छाटणी हुकली, तर पुढचा हंगाम हातचा जातो. म्हणून साठेखत करतानाच, खरेदीखत होईपर्यंत छाटणी, फवारणी आणि पाणी कोणी पाहायचे, हे लिहून घ्यावे.