लग्नाची डीव्हीडी आणि शेततळ्याचा कागद

पत्र्याच्या खोलीतल्या ट्रंकेत मावसभावाच्या लग्नाची डीव्हीडी सापडली. हळद नीट दिसली, पण अक्षता पडायच्या वेळी चित्र अडकलं ते कायमचं. घरच्यांनी फोटोवाल्याला बोल लावला. माझा संशय मात्र रंगावर आहे.

लिहिता येणाऱ्या डीव्हीडीत पॉलिकार्बोनेटच्या चकतीवर सेंद्रिय रंगाचा थर असतो, मायक्रॉनहूनही पातळ. 650 नॅनोमीटरचा तांबडा लेसर त्यावर एकवटला की रंग तो प्रकाश शोषतो, क्षणात काही शे अंश तापतो आणि त्याचं विघटन होतं. त्या ठिपक्यावरून प्रकाश कमी परततो, आणि तीच आपली नोंद. वाचताना लेसर मंद ठेवतात, नाहीतर वाचता वाचता पुसलं जायचं!

जालन्याच्या रोलिंग मिलमधल्या माणसाला ठाऊक असतं, सळईचं एक टोक तापलं की दुसरं हातात धरवत नाही. प्लास्टिकचं उलटं आहे. त्याची उष्णतावाहकता पोलादाच्या दोनशेव्या भागाहूनही कमी, त्यामुळे रंगीत पापुद्र्यावर पडलेल्या लेसरची उष्णता पडल्या जागीच कोंडते.

पण रंग बिघडायला भाजणं हा एकच मार्ग नाही. 1967 साली सॉफर आणि मॅकफर्लंड यांनी अ‍ॅक्रिलिकमध्ये रोडामिन 6जी हा रंग मिसळून त्यातूनच लेसर किरण मिळवला. तिथे रंगाने जळायचं नव्हतं, घेतलेला प्रकाश परत द्यायचा होता. तरी प्रत्येक झोतात काही रेणू ऑक्सिजनच्या तावडीत सापडून विटतातच. त्यात पॉलिमर तापला तर साखळ्या सैल होतात, ऑक्सिजनला आत वाट मिळते आणि विटणं वाढतं. अ‍ॅक्रिलिक तर 105 अंशांच्या आसपास मऊच पडू लागतं. म्हणून प्रकाशाचा आणि उष्णतेचा हिशेब वेगळा मांडणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

लेसर नसला तरी ऊन आहेच. कडवंचीसारख्या द्राक्षांच्या गावात शेततळ्यांना 500 मायक्रॉनचा काळा प्लास्टिकचा कागद अंथरतात. त्यातली काजळी अतिनील किरण शोषून त्यांची उष्णता करते आणि पॉलिमरच्या साखळ्या वाचवते. पाण्याखाली ही उष्णता निघून जाते. पाणी उतरलं की काठावरचा उघडा कागद ऊनही सोसतो आणि तापही. तो आधी कडक होतो, मग तडकतो.

1933 पासूनची मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था 2018 मध्ये जालन्यातही आली. रंग हा तिचा जुना विषय. मराठवाड्याच्या उन्हात रंगीत पॉलिमर किती टिकतात, याची मोजदाद तिने इथेच करावी.

तोवर घरातली लग्नाची डीव्हीडी पत्र्याखालून आधी काढा आणि कॉपी करून घ्या. ड्राइव्ह असलेला कॉम्प्युटरही आता शोधावाच लागतो.