वाळूखालची हसायम्पा

नाव ऐकूनच आईला हसू आले. "हसायम्पा? ही काय हसायची नदी?" आणि लगेच स्वतःच दुरुस्ती केली, "का कन्नडातलं 'हसि' असेल? ओली." आईचे माहेर गोकाककडचे, त्यामुळे कुठलाही शब्द ती दोन्ही भाषांत उलटून पाहते. नदी मात्र अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटातली. गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुटीत आम्ही दोघी माझ्या धाकट्या भावाकडे गेलो होतो. फिनिक्सच्या पश्चिमेला बकाय नावाचे भराभर वाढणारे शहर आहे, तिथे त्याने घर घेतले आहे. मी भूगोल शिकवते म्हणून त्याने मुद्दाम ही सहल ठरवली.

ऊन चढायच्या आत पोहोचायचे म्हणून पहाटेच निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सग्वारो, म्हणजे दोन-तीन मजली उंचीचे निवडुंग. त्यांच्या टोकांवर पांढऱ्या फुलांचे गुच्छ आले होते. विकेनबर्ग गावात भावाने पुलाजवळ गाडी थांबवली. "बघ अक्का, नदी." खाली नुसती वाळू. रुंद, कोरडी ठणठणीत, मधे टायरच्या खुणा. आई म्हणाली, "ह्यासाठी पहाटे उठवलंस?"

गावापासून पाचेक किलोमीटरवर हसायम्पाचे संरक्षित वन आहे. 1986 साली एका निसर्गसंस्थेने ही जागा विकत घेऊन जपली. आता ती मॅरिकोपा काउंटीचे उद्यान खाते सांभाळते. आत शिरलो आणि दहा पावलांत हवाच बदलली. डोक्यावर कॉटनवुड आणि विलो वृक्षांची गर्द सावली, सगळीकडे कापसासारखे तंतू, आणि पायाशी घोट्याएवढे, स्वच्छ, वाहते पाणी! लालभडक छातीचा एक चिमुकला पक्षी फांदीवरून झेप घ्यायचा, हवेतला किडा टिपून परत त्याच फांदीवर यायचा. तो व्हर्मिलियन फ्लायकॅचर. मेस्किटची झाडे पाहून आई म्हणाली, "ही तर आपली बळ्ळारी जाली!" अगदी चूक नव्हे. आपली वेडी बाभूळ याच कुळातली, अमेरिकेतून आलेली. इकडे ती शेतकऱ्याच्या डोक्याला ताप, तिथे ती घरची.

हसायम्पा या नावाचा अर्थ 'उलटी वाहणारी नदी' असा सांगितला जातो. प्रेस्कॉटजवळच्या डोंगरात उगम पावून ती सुमारे 160 किलोमीटर वाहते आणि हिला नदीला मिळते. पण वाटेतला बराचसा प्रवास वाळूखालून. वर कोरडे पात्र, खाली पाणी. या वनाच्या जागी जमिनीखालचा कठीण खडक वर येतो, वाळूचा थर उथळ होतो आणि पाण्याला वर येण्यावाचून गत्यंतर राहत नाही. काही किलोमीटर उजेडात वाहून ती पुन्हा गुप्त होते. इथली झाडे त्या नजरेआडच्या पाण्यावर उभी आहेत. भूजल थोडे खाली गेले, की आधी कॉटनवुडची रोपे मरतात, मग मोठी झाडे. बी रुजायलाही पूर ओसरल्यावरचा ओला गाळ लागतो, आणि ते बी जेमतेम काही आठवडे जिवंत राहते.

त्या भागातली एक दंतकथा भावाने सांगितली. हसायम्पाचे पाणी जो पिईल तो पुन्हा कधी खरे बोलणार नाही. आई थबकलीच. बाबांच्या श्राद्धासाठी 1998 साली आम्ही गयेला गेलो होतो. तिथली फल्गू अशीच वाळूखालून वाहायची. लोक हाताने वाळू उकरून पाणी काढत. (2022 पासून तिथे रबरी बंधारा झाला आहे.) रामापुढे खोटी साक्ष दिली म्हणून फल्गूला सीतेचा हा शाप, असे गयावळांनी सांगितले होते. "तिकडची खोटं बोलली म्हणून लपली," आई म्हणाली, "आणि हिचं पाणी पिऊन माणसं खोटी झाली. बहिणीच की!"

परतताना गाडीत तिने विचारले, "तुझ्या नळाला पाणी कुठलं रे?" भाऊ जरा घुटमळला. बकायची तहान मुख्यतः भूजलावरच भागते, आणि हसायम्पाचे खालचे खोरे तिथेच आहे. 1980 च्या भूजल कायद्यामुळे फिनिक्स परिसरात नवी वसाहत बांधायची तर शंभर वर्षे पुरेल इतके पाणी दाखवावे लागते. जानेवारी 2023 मध्ये राज्याने या खोऱ्याचा अभ्यास जाहीर केला. निष्कर्ष असा, की शंभर वर्षांची मागणी भूजलातून भागणार नाही. केवळ भूजलाच्या भरवशावर आखलेल्या नव्या वसाहती त्यामुळे अडकल्या. भावाचे घर त्याआधीचे.

"घर विकताना पाणी मुबलक आहे म्हणाला ना तो एजंट?" आई म्हणाली. "काय पिऊन आला होता तो?"

आम्ही हसलो. भाऊ हसला नाही. त्याच्या घरामागे हिरवळीचा एक तुकडा होता, मुलीला खेळायला म्हणून मुद्दाम लावलेला. आम्ही बेळगावला परतल्यावर महिन्याभरात त्याने फोटो पाठवला : हिरवळ काढून तिथे खडी पसरली होती आणि मधे एक लहानसे मेस्किट. मुलगी दोन दिवस रुसली म्हणे.

आता दर रविवारी फोनवर आई जेवणाखाण्याच्या आधी नदीची चौकशी करते, तीही कन्नडातून. "इन्नू हसि ऐतेनो?"