झाडासाठी दिवा निवडताना

घरातल्या कुंडीत पेरलेली मेथी झटकन उगवते. पण आठ-दहा दिवसांत तिची रोपे लांबट, किडकिडीत आणि फिकट होतात, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. खोलीत दिवा तर लख्ख असतो. मग रोपांना कमी काय पडते?

खोली लख्ख वाटते ती आपल्या डोळ्यांना. आपला डोळा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या, म्हणजे पिवळसर-हिरव्या प्रकाशाला सर्वांत अधिक संवेदनशील आहे. दिव्याच्या खोक्यावरचा ‘ल्युमेन’चा आकडा याच संवेदनशीलतेवर बेतलेला असतो. तो माणसाच्या डोळ्याचा आकडा आहे, पानाचा नव्हे.

पानाची आवड कशी कळली? १८८२ साली एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या शेवाळाच्या तंतूवर वर्णपट पाडला. पाण्यात ऑक्सिजनकडे धाव घेणारे जिवाणू होते. ते तांबड्या आणि निळ्या पट्ट्यांत गोळा झाले. अर्थात तेथेच ऑक्सिजन जास्त निर्माण होत होता, म्हणजेच प्रकाशसंश्लेषण जोरात चालू होते. पुढे १९७२ मध्ये मॅक्री यांनी २२ पिकांच्या पानांवर मोजमापे करून दाखवले की, हिरवा प्रकाशही बऱ्याच अंशी उपयोगी पडतो. म्हणून जांभळट दिसणारा दिवाच हवा असे नाही. पांढरा एल.ई.डी. दिवाही चालतो, शिवाय त्याच्या उजेडात पानांवरचे डाग आणि कीड नीट दिसतात.

मग दिवा निवडताना पाहायचे काय? ४०० ते ७०० नॅनोमीटरमधील फोटॉनांची संख्या! ही संख्या प्रचंड असल्याने ती मायक्रोमोलमध्ये देतात. रोपांसाठीच्या चांगल्या दिव्यावर दोन आकडे असतात : सेकंदाला किती मायक्रोमोल फोटॉन बाहेर पडतात, आणि १ ज्यूल विजेमागे किती. हा दुसरा आकडा २.५ किंवा अधिक असेल, तर दिवा चांगला समजावा. ‘१००० वॅटच्या तोडीचा’ अशा शब्दांना भुलू नका. दिवा प्रत्यक्षात किती वॅट वीज घेतो ते वाचा.

आता एक हिशेब करू या. पालेभाजीला दिवसाला चौरस मीटरमागे सुमारे १२ मोल फोटॉन हवेत असे धरू. आपला ट्रे ३० सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद आहे, म्हणजे ०.०९ चौरस मीटर. त्याला दिवसाला १.०८ मोल लागतील. दिवा १४ तास, म्हणजे ५०,४०० सेकंद लावला, तर सेकंदाला सुमारे २१ मायक्रोमोल हवेत. निम्मा प्रकाश ट्रेबाहेर सांडतो असे मानले, तर दिव्यातून ४३ मायक्रोमोल निघाले पाहिजेत. ४३ ला २.५ ने भागा : सुमारे १७ वॅट. घरातल्या साध्या ९ वॅटच्या बल्बमधून मात्र सेकंदाला जेमतेम १३ मायक्रोमोल मिळतात. मेथी का किडकिडीत होते, ते आता ध्यानात आले ना?

१७ वॅटचा दिवा रोज १४ तास लावल्यास महिन्याला सुमारे ७ युनिट वीज खर्च होईल. तेव्हा खिडकीत ऊन येत असेल, तर आधी कुंडी तेथेच ठेवावी हे उत्तम. मनीप्लांटसारख्या सावलीतल्या वेलीला वरच्या हिशेबाच्या पाव भाग प्रकाशही पुरतो. टोमॅटोला मात्र पुष्कळ अधिक लागतो.

अंतरही महत्त्वाचे. उघडा बल्ब दुप्पट अंतरावर नेला, की रोपावर पडणारा प्रकाश सुमारे चौथाईवर येतो.

करून पहा : दोन सारख्या ट्रेंत सारखीच मेथी पेरा. एका अंधाऱ्या खोलीत, मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा करून, दोन सारखे बल्ब एका ट्रेवर २० आणि दुसऱ्यावर ४० सेंटिमीटर उंचीवर लावा. पाणी आणि तास सारखेच ठेवा. दहा दिवसांनी रोपांची उंची, देठाची जाडी आणि पानांचा रंग वहीत नोंदवा. कोणत्या ट्रेमधील रोपे उंच असतील? आणि उंच रोपे म्हणजेच सशक्त रोपे का? आधी अंदाज लिहा, मग मोजा.