पावसाळ्यापुरती पानं

कोरड्या मुलखात तगायचं तर वनस्पतीने पानं टाकावीत, खोड मांसल करावं आणि त्यात पाणी साठवावं, असं निवडुंगाकडे बोट दाखवून शाळेत शिकवतात. माण, आटपाडी, जत या पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या भागातलं माकडशिंग या धड्यात चपखल बसतं. पान जवळजवळ नाहीच. नुसता चौकोनी हिरवा दांडा, तोही गुराखी खुडून खातात. पण त्याच्याच भावकीतली शिंदळ माकुडी हा धडा पाळत नाही. सज्जनगड, महाबळेश्वर, शिवनेरी, वज्रगड अशा मोजक्या कड्यांवर ती आढळते आणि पावसाळ्यात तिच्या रसाळ खोडाला चांगली बोटभर लांब पानं येतात. निकोल डालझेल यांनी तिचं शास्त्रीय नाव ठेवलं ‘फ्रेरिया इंडिका’. पूर्वी साताऱ्याचे कमिशनर असलेले बार्टल फ्रेर तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते. वनखात्यातल्या डालझेल यांनी साहेबाच्या नावे केलेलं फूल मात्र माश्यांना बोलावणारं, वासाचं!

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तिथे दुष्काळी खोड कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण तो जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि उभ्या कड्याच्या कपारीतली मूठभर माती त्यातलं काहीच धरून ठेवत नाही. दिवाळीनंतर त्या कपारीत आणि जतच्या माळात फारसा फरक उरत नाही. म्हणजे या झाडाला एकाच वर्षात दोन हवामानं सोसायची असतात. लांगे आणि झुबर या जर्मन संशोधकांनी 1977 साली दाखवून दिलं, की त्यासाठी तिचे कारभारही दोन आहेत. पानं भात-गव्हासारखी दिवसा रंध्रं उघडतात. त्यात पाणी भरपूर उडतं, पण वाढ झपाट्याने होते. खोड मात्र रात्रीच्या गारव्यात कार्बन डायऑक्साइड आत घेतं, आम्लाच्या रूपात साठवतं आणि दिवसा दारं लावून त्याची साखर करतं. पाऊस सरला की खर्चिक पानं गळतात, काटकसरी खोड मागे राहतं.

यावर कोणी म्हणेल, पानं ही पूर्वजांची खूण असेल. बाकीचे भाऊबंद पुढे गेले, ही मागे राहिली. पूर्वी तसं मानायला जागा होती. पण डीएनएच्या तुलनेत ती वंशवृक्षाच्या बुंध्याशी नव्हे, तर ‘बाउसेरोसिया’ या बिनपानी प्रजातीच्या फांद्यांमध्येच बसते. म्हणून आता तिला ‘बाउसेरोसिया फ्रेरी’ म्हणतात. तेव्हा पानं टिकून राहिली यापेक्षा ती परतली, हेच अधिक संभवतं. गमावलेला अवयव परत येत नाही म्हणतात, हे खरं. पण इथे तो पुरता गेलाच कुठे होता? बिनपानी नातेवाइकांच्या कोवळ्या खोडावरही खवल्याएवढी पानं फुटतात आणि लगेच झडतात. मोडीत न काढलेलं यंत्र पुन्हा चालू करायला नवा कारखाना लागत नाही.

मग इतकी सोय असून ती दुर्मीळ का? कोरडेपणा सोसणं निराळं, पसरणं निराळं. कुंडीत तिची फांदी सहज रुजते. बियांनाही वाऱ्यावर उडायला रेशमी झुपके असतात. पण उडून त्या पडणार कुठे? तसा दुसरा कडा कित्येक कोसांवर, आणि मधे सगळी गवताळ उतरण.