चिकटवही टिकावी, कचरा नको



आज आपण चिकटवहीबद्दल बोलणार आहोत. मुलांना शाळेतून चिकटवही करायला सांगतात, ती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. पण अशी वही बचत गटालाही ठेवता येते. बैठकीचा फोटो, पेपरात आलेली बातमी, आजीनं सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्या, जुन्या बियाण्यांची नावं, सगळं तिच्यात मावतं. हिशेबाच्या वहीत पैसा राहतो, चिकटवहीत आपलं जगणं राहतं. म्हणून ती आपल्या नातवंडांच्या हाती पडेल इतकी टिकायला हवी.

दुकानात गेलं की मात्र चमकी, प्लॅस्टिकची फुलं, रंगीत चिकटपट्ट्या असं सामान पुढे येतं. चमकी म्हणजे काय, तर प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याचे बारीक तुकडे. ते कुजत नाहीत आणि वेचताही येत नाहीत. युरोपीय संघानं ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लॅस्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी घातली, ती याच कारणानं. सजावटीच्या थर्माकोलवर तर महाराष्ट्रात २०१८ सालीच बंदी आली, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर.

जिथे घंटागाडी येत नाही, तिथे झाडून काढलेली चमकी उकिरड्यावर जाते. उकिरड्याचं खत शेतात जातं, त्याबरोबर चमकीही जाते. प्लॅस्टिक चुलीत घातलं, तर त्याचा विषारी धूर आपल्याच छातीत भरतो.

आणि जे मातीला वाईट, ते बरेचदा वहीलाही वाईटच असतं. चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडते, सुटून येते आणि मागे तेलकट डाग ठेवते. मग करायचं काय? बरंचसं सामान आपल्या घरातच असतं.

आधी वही. मुलांच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं काढा. पाच-सहा जोडपानं एकात एक घाला, घडीवर दाभणानं तीन भोकं पाडा आणि सुती दोऱ्यानं शिवा. वर खोक्याचा पुठ्ठा आणि त्यावर जुन्या सुती लुगड्याचा तुकडा. विकतच घ्यायची असेल, तर हातकागदाची घ्या. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून हे काम करते. असा कागद सुती चिंध्यांपासून बनतो, त्यासाठी झाड तोडावं लागत नाही, आणि तो टिकतोही जास्त.

मग खळ. दोन चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. वाटीभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. खळ दाट आणि चकचकीत झाली की उतरवा. गार झाल्यावर पातळ थर लावा, जाड लावला तर पान सुरकुततं. चिकटवलेलं पान रात्रभर वजनाखाली ठेवा आणि सावलीत पूर्ण वाळवा. खळ दोन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच करा. कसर लागू नये म्हणून काही जण खळीत मोरचूद घालतात. ते विष आहे, मुलांच्या हाताशी नको. त्यापेक्षा वही कोरड्या पेटीत ठेवा आणि सोबत कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला. पावसाळा संपला की एकदा उघडून पाहा.

फोटोला खळ लावू नका, ओलाव्यानं तो खराब होतो. कागदाचे चार त्रिकोणी खिसे करून पानावर चिकटवा आणि फोटोचे कोपरे त्यांत अडकवा. पुढे हवा तेव्हा फोटो काढताही येतो.

पेपरचं कात्रण उजेडात पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं. म्हणून बातमीचा सारांश आणि तारीख शेजारी हातानं लिहा. कात्रण झडलं तरी गोष्ट राहील.

सजावटीला लग्नपत्रिका फार कामाच्या. पत्रिकेवरचा गणपती टाकवत नाही, तो कापून वहीत लावा. आधी पत्रिकेचा कोपरा फाडून पाहा. मधे पारदर्शक पापुद्रा ताणला गेला, तर वर प्लॅस्टिक आहे, ती पत्रिका नको. पानं-फुलं जुन्या पेपरांत घालून वजनाखाली आठ-दहा दिवस ठेवा, पेपर अधूनमधून बदला. रंगाला गेरू वापरा, ती माती आहे, उडत नाही. हळद दिसते छान, पण उजेडात लवकर फिकी पडते. काळ्यासाठी दिव्याची काजळी बाभळीच्या डिंकात खलली की झालं.

मुलांच्या वहीलाही हेच लागू आहे. पाच चित्रांसाठी पन्नास चित्रांचा तक्ता आणून उरलेला फेकण्यापेक्षा, मुलानं बांधावरचं पान आणावं, त्याचं नाव आजीला विचारावं आणि खाली लिहावं. गुरुजींना आणि बाईंनाही हे पालकसभेत सांगता येईल.

तर सख्यांनो, पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एक-एक वस्तू आणा: एक फोटो, एक ओवी, नाहीतर मूठभर बियाणं कागदी पुडीत. खळ तिथेच शिजवा आणि पहिलं पान लावा. प्रत्येक पानाखाली नाव आणि तारीख लिहायला विसरू नका. नाव नसलेला फोटो वीस वर्षांनी कुणालाच ओळखता येत नाही.